राष्ट्रपतींचं ग्रंथालय कुठं असावं? दिल्ली, अमरावती की आपलं चांदूर रेल्वे?

(या भागाचं लेखी रूप. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा गाडीत नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी. बोलण्यातली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

[००:००] विषय काय आहे?

आज प्रश्न जरा मोठा वाटेल, पण आपल्या दारातला आहे. एखादी व्यक्ती राष्ट्रपती होते, पाच वर्षं राष्ट्रपती भवनात राहते, आणि एक दिवस निवृत्त होते. तिची पत्रं, भाषणांचे खर्डे, फोटो, परदेशातून मिळालेल्या भेटवस्तू, पुस्तकं, हे सगळं जातं कुठं? आणि ते लोकांना बघता यावं म्हणून एखादं ग्रंथालय किंवा संग्रहालय उभारायचं ठरलं, तर ते कोणत्या गावात उभारायचं?

अमेरिकेत यासाठी ठरलेली व्यवस्था आहे. तिला म्हणतात प्रेसिडेन्शियल लायब्ररी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं ग्रंथालय. नावात ग्रंथालय असलं तरी आत तीन गोष्टी असतात: कागदपत्रांचा साठा, वस्तूंचं संग्रहालय आणि कार्यक्रमांची जागा. भारतात राष्ट्रपतींसाठी असा कायदा नाही. पण असं काहीतरी करण्याचा एक प्रयत्न झाला, आणि तो आपल्या अमरावतीत झाला. म्हणून हा भाग.

आधीच सांगून ठेवतो, चांदूर रेल्वेत असं ग्रंथालय होणार असल्याची कुठलीही घोषणा नाही. उगाच व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आपण फक्त विचार करून बघणार आहोत, की उद्या खरंच जागा निवडायची वेळ आली तर कशी निवडायची. कारण जागा चुकली की काय होतं ते आपण रोज बघतो. चकचकीत इमारत, दाराला कुलूप आणि पायऱ्यांवर बसलेली बकरी.

[०२:१५] अमरावतीत काय घडलं होतं?

प्रतिभाताई पाटील भारताच्या बाराव्या राष्ट्रपती आणि त्या पदावरच्या पहिल्या महिला. २५ जुलै २००७ ते २५ जुलै २०१२ हा त्यांचा कार्यकाळ. महाराष्ट्रातून राष्ट्रपती झालेल्या त्या आजवरच्या एकट्याच. जन्म जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा, १९३४चा. १९६२ साली जळगावमधून पहिल्यांदा आमदार झाल्या, पुढे १९६७ ते १९८५ एदलाबाद मतदारसंघातून. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. सासर अमरावतीचं. त्यांचे पती डॉ. देवीसिंह शेखावत अमरावतीचे आमदार आणि महापौर होते. १९९१ साली ताई स्वतः अमरावतीच्या खासदार झाल्या. मग राजस्थानच्या राज्यपाल, मग थेट रायसीना टेकडी.

आता मुद्दा. कार्यकाळ संपताना, त्यांना राष्ट्रपती म्हणून मिळालेल्या दीडशेहून जास्त भेटवस्तू अमरावतीला आल्या. विद्या भारती शैक्षणिक मंडळ ही कुटुंबाशी जोडलेली संस्था. तिच्या संग्रहालयात त्या मांडायच्या, असं ठरलं होतं. यासाठी राष्ट्रपती सचिवालय आणि संस्था यांच्यात रीतसर करार झाला होता. वस्तू उसन्या दिल्या होत्या, मालकी सचिवालयाकडेच होती. माहिती अधिकारातून हे सगळं बाहेर आलं, वर्तमानपत्रांत गाजलं. पुढे राष्ट्रपती भवनात स्वतःचं संग्रहालय उभं राहू लागलं आणि सचिवालयाने त्या वस्तू परत मागितल्या.

राष्ट्रपती भवनाचं ते संग्रहालय जुन्या घोड्यांच्या पागा आणि गॅरेजच्या जागेत आहे. पहिला टप्पा जुलै २०१४ मध्ये उघडला, दुसरा २५ जुलै २०१६ रोजी.

या गोष्टीकडे दोन बाजूंनी बघता येतं. एक बाजू म्हणते, सरकारी पदावर असताना मिळालेली भेट देशाची, ती एका खाजगी संस्थेत कशाला? दुसरी बाजू म्हणते, सगळं दिल्लीतच का ठेवायचं? अमरावतीच्या, दर्यापूरच्या, चांदूरच्या पोरांनी ते बघायला हजार किलोमीटर जायचं का?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आणि या दोघांच्या भांडणातच आजच्या प्रश्नाचं मूळ आहे. आपण लगेच ‘कुठं’वर भांडतो. पण ‘कुणाचं’ हे पक्कं झाल्याशिवाय ‘कुठं’ला अर्थ राहत नाही. उसनी आणलेली वस्तू ज्या दिवशी मालक मागेल त्या दिवशी परत द्यावी लागते, आणि मग मागे रिकामी कपाटं उरतात.

[०५:००] आधी मालकी, मग नकाशा

अमेरिकेलाही हे शिकायला वेळ लागला. सुरुवातीच्या काळात तिथं राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खाजगी मालमत्ता समजली जायची. घरी न्यायचे, वाटायचे, जाळायचे, कुणी विचारत नसे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हे बदललं. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथल्या आपल्या कौटुंबिक इस्टेटीवर त्यांनी ग्रंथालय बांधायला लावलं, देणग्यांतून. आणि बांधून झाल्यावर ते सरकारला देऊन टाकलं. १९४१ साली ते उघडलं, तेव्हा ते स्वतः पदावर होते. १९५५ साली यासाठी कायदा झाला: इमारत खाजगी पैशाने बांधा, मग राष्ट्रीय अभिलेखागार ती चालवेल.

तरी मालकीचा प्रश्न राहिलाच होता. तो सुटला वॉटरगेटमुळे. निक्सन यांनी राजीनामा दिला, आणि त्यांच्या ध्वनिफिती आणि कागद कुणाचे यावर रान पेटलं. १९७४ मध्ये संसदेने खास कायदा करून ते ताब्यात घेतले. १९७८ साली सर्वांसाठी कायदा झाला, की राष्ट्राध्यक्षाचे कामकाजाचे कागद देशाचे. १९८१ पासून तो लागू आहे.

आपल्याकडे? केंद्र सरकारच्या कार्यालयांच्या फायलींसाठी १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. जपून ठेवायच्या फायली पंचवीस वर्षांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायला हव्यात, असा नियम आहे. पण खाजगी पत्रं, डायऱ्या, घरच्या अल्बममधले फोटो, हे कुटुंबाचं. द्यायचं की नाही ते कुटुंब ठरवतं. म्हणजे आपल्या राष्ट्रपतींच्या आठवणी आपोआपच दोन ढिगांत विभागलेल्या असतात. सरकारी ढीग दिल्लीत, घरचा ढीग घरी.

म्हणून पहिला नियम लिहून ठेवा. कुणी म्हणालं ‘आमच्या गावात संग्रहालय होणार’, तर आधी विचारायचं, आतल्या वस्तू कायमच्या मिळाल्यात की उसन्या? कागद आहे का त्याचा?

[०७:३०] चांदूर रेल्वेएवढं गाव आणि राष्ट्राध्यक्ष

आता तुम्ही म्हणाल, ‘भाऊ, आपल्या गावात कायले येईन असं काही? मोठ्या गोष्टी मोठ्या शहरात.’

असं काही नाही. मी तुम्हाला एक गाव सांगतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ॲबिलीन नावाचं गाव आहे. आपल्या चांदूर रेल्वेपेक्षाही लहान. रेल्वे आली आणि गाव नावारूपाला आलं. टेक्सासमधून गुरांचे कळप चालत यायचे आणि इथून गाडीत चढून पूर्वेकडे जायचे. रेल्वे कधी आली? १८६७ साली. आणि आपली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आपल्या वऱ्हाडातून नागपूरपर्यंत कधी पोचली? तीसुद्धा १८६७ साली! त्यांची गुरं, आपला कापूस.

या ॲबिलीनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. त्यांचा जन्म टेक्सासमध्ये झाला, पण लहानपण ॲबिलीनमध्ये गेलं. ते घर तिथंच, जागच्या जागी जपलंय. समोर संग्रहालय, पलीकडे ग्रंथालय, आणि त्याच आवारात त्यांची समाधी. आणखी एक गाव, आयोवातलं वेस्ट ब्रँच. लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास. तिथं हर्बर्ट हूवर यांचं ग्रंथालय आहे, त्यांच्या जन्माच्या दोन खोल्यांच्या घराजवळ.

म्हणजे लहान गाव चालतं. पण का चालतं ते नीट बघा. या गावांत चार गोष्टी जुळल्या. माणसाचं खरं घर तिथं होतं. कागद पक्के तिथंच राहणार होते. चालवण्याची जबाबदारी राष्ट्रीय अभिलेखागाराने घेतली. आणि रस्ता होता, दोन्ही गावांच्या शेजारून मोठा महामार्ग जातो. यातली एक गोष्ट जरी निसटली असती, तरी उरली असती नुसती इमारत.

ट्रुमन यांचं उदाहरणही बघण्यासारखं. त्यांच्या मनात आपल्या शेतावर ग्रंथालय बांधायचं होतं. शेवटी मिझुरीतल्या इंडिपेंडन्स या त्यांच्या गावाने एका बागेची जागा दिली, १९५७ मध्ये ते उघडलं. घरापासून जवळ. निवृत्त ट्रुमन तिथल्या कार्यालयात येऊन बसायचे, शाळेतल्या मुलांशी गप्पा मारायचे. ग्रंथालय जिवंत राहिलं ते अशा रोजच्या येण्याजाण्यामुळे.

[१०:२०] जागा चुकली की काय होतं?

आता उलट बाजू. मोठं शहर, मोठं विद्यापीठ म्हणजे सगळं सोपं, असंही नाही.

केनेडी यांनी हयात असतानाच हार्वर्डजवळची जागा पाहून ठेवली होती. त्यांच्या हत्येनंतर तिथंच ग्रंथालय बांधायचं ठरलं. पण केंब्रिजचे रहिवासी म्हणाले, लाखो पर्यटक येतील, आमच्या गल्ल्यांत गाड्याच गाड्या होतील. वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी ग्रंथालय बॉस्टनच्या समुद्रकाठी, कोलंबिया पॉइंटला गेलं आणि १९७९ साली उघडलं. हत्येनंतर सोळा वर्षांनी.

रेगन यांचं ग्रंथालय स्टॅनफर्ड विद्यापीठात होणार होतं. तिथल्या वादानंतर १९८७ मध्ये तो बेत सुटला आणि ते दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीत झालं. कार्टर यांच्या अटलांटातल्या ग्रंथालयाकडे जाणारा रस्ता वस्त्यांतून काढायचा होता. लोक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, आणि शेवटी रस्ता लहान करावा लागला.

सगळ्यात ताजी गोष्ट ओबामांची. २०१५ मध्ये शिकागो ठरलं, २०१६ मध्ये तिथलं जॅक्सन पार्क. आता हे सार्वजनिक उद्यान. बागेची जमीन खाजगी फाउंडेशनला कशी देता, म्हणून २०१८ मध्ये एक गट कोर्टात गेला. दुसरीकडे आजूबाजूचे भाडेकरू म्हणाले, केंद्र येणार म्हटल्यावर घरभाडी वाढणार आणि ज्यांच्यासाठी हे करताय तेच इथून हाकलले जाणार. त्या दबावातून २०२० मध्ये शिकागो महापालिकेला शेजारच्या वुडलॉन वस्तीसाठी घरांचा वेगळा ठराव करावा लागला. प्रत्यक्ष काम २०२१ मध्ये सुरू झालं.

हे ऐकताना आपल्याला गावातलं काही आठवतं का? ई-क्लासची जमीन, शाळेचं मैदान, आठवडी बाजाराची जागा. ‘फुकट मिळते’ म्हणून घेतलेली जमीन खरं म्हणजे कुणीतरी वापरत असतं. गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात, पोलीस भरतीवाले पहाटे पाच वाजता धावतात. त्यांचं कुठंच नाव नसतं, म्हणून ती जमीन मोकळी दिसते.

दुसरा नियम: जमीन कुणाची आहे हे सातबाऱ्यावर बघा, आणि कुणाची वापरात आहे हे पहाटे जाऊन बघा.

[१३:१०] विसाव्या वर्षीचं वीजबिल

आता सगळ्यात कंटाळवाणा, आणि म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पैसे.

बांधायला पैसे मिळतात. आमदार निधी, खासदार निधी, देणगीदार, कोनशिलेवर नाव, सगळं जमतं. चालवायला कोण देतं? जुना कागद सांभाळायचा तर खोलीचं तापमान वीस अंशांच्या आसपास लागतं, हवेतला ओलावा बेताचा लागतो, आणि दोन्हींत फार चढउतार चालत नाही. आणि आपल्याकडे? मे महिन्यात पंचेचाळीस अंश, जुलैत भिंतींना ओल, वर वाळवी. म्हणजे एसी दिवसरात्र हवा. वीज गेली तर जनरेटर हवा. कागदाचं शास्त्र शिकलेला माणूस हवा, आणि त्याला दर महिन्याला पगार हवा.

हे विदर्भात जमत नाही असं नाही. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवन आहे. तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कपडे, टंकलेखन यंत्र, वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. नानकचंद रत्तू यांनी त्या जपल्या होत्या, वामनराव गोडबोले यांनी त्यांच्यासाठी ही जागा उभी केली. बाबासाहेबांचा कोट जपायचा म्हणजे दर उन्हाळ्याशी आणि दर पावसाळ्याशी लढायचं. हे काम वर्षातून एकदा हार घालून होत नाही.

अमेरिकेने यावर १९८६ मध्ये एक उपाय केला. ग्रंथालय सरकारला देताना नुसती इमारत द्यायची नाही, देखभालीसाठी ठरावीक रक्कमही ठेव म्हणून द्यायची. सुरुवातीला बांधकाम खर्चाच्या वीस टक्के होती, पुढे साठ टक्क्यांपर्यंत वाढवली. म्हणजे शंभर रुपयांची इमारत बांधायची तर साठ रुपये बँकेत वेगळे ठेवा. मोठ्या इमारतीचा मोह आपोआप कमी होतो.

आपल्याकडे १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे अनुदान. तुमच्या गावातल्या ग्रंथपालाला एकदा विचारा, अनुदान किती, कधी येतं आणि त्यात किती भागतं. राष्ट्रपतींचं ग्रंथालय कसं टिकेल, याचा अर्धा अभ्यास तिथंच होईल.

तिसरा नियम: उद्घाटनाचा खर्च विचारू नका. विसाव्या वर्षीचं वीजबिल कोण भरणार ते विचारा.

[१६:००] लोक येतील का, आणि कशाला?

रामेश्वरमजवळ पेइ करुंबू इथं डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं स्मारक आहे. संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने ते बांधलं आणि २७ जुलै २०१७ रोजी, त्यांच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, ते उघडलं. दिल्लीपासून किती लांब बघा. तरी लोक जातात. कारण तिथं कलामांचा दफनविधी झाला, ते त्यांचं जन्मगाव, आणि रामेश्वरला तसेही देशभरातून भाविक येतच असतात. डॉ. झाकिर हुसेन यांची कबर दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठात आहे, आणि तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. तिथं विद्यार्थी रोज येतात, अभ्यासाला. नाव आपोआप जिवंत राहतं.

आपल्या शेजारचं बघायचं तर गुरुकुंज मोझरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला तिथं गावोगावचे लोक येतात, मौन श्रद्धांजलीला उभे राहतात. त्यांना कुणी तिकीट देऊन बोलावलेलं नसतं. महाराज तिथं राहिले, तिथून काम केलं, आणि ते काम लोकांच्या घरात पोचलं.

यावरून दिसतं की लोक दोन कारणांनी येतात. एक तर त्या माणसाचं त्या मातीशी खरं नातं असतं. नाहीतर लोकांना तिथं आपलं काही काम असतं, अभ्यास, पुस्तक, परीक्षा, एसीची सावली. दोन्ही असेल तर सोन्याहून पिवळं. दोन्ही नसेल तर शाळेची सहल येते, फोटो काढते आणि जाते.

[१८:२०] आता खरंच ठरवू या

चला, आपण समिती आहोत असं समजू. प्रतिभाताईंच्या आठवणींसाठी जागा निवडायची आहे. कोणकोणती नावं येतील?

दिल्ली. सरकारी कागद तिथंच, पैसा तिथं, तज्ज्ञ तिथं. शिवाय राष्ट्रपती भवनाचं संग्रहालय तयार आहे. पण वऱ्हाडातल्या मुलीला तिथं जायला दोन दिवसांचा प्रवास आणि घरच्यांची परवानगी.

नाडगाव, जळगाव किंवा मुक्ताईनगर. जन्म आणि राजकारणाची सुरुवात तिथली. सत्ताविसाव्या वर्षी आमदार झालेली मुलगी, ही गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाही. खानदेशचा हक्क मोठा आहे, वऱ्हाडाने मान्य करावा.

पुणे. निवृत्तीनंतरचं वास्तव्य तिथलं. पण पुण्यात संग्रहालयांची कमी नाही. आणखी एकाने पुण्याला फार फरक पडणार नाही.

अमरावती. सासर, खासदारकी, आणि एकदा झालेला प्रयत्न. १९८३ पासूनचं विद्यापीठ, आता संत गाडगेबाबांच्या नावाचं, पाच जिल्ह्यांची पोरं त्याला जोडलेली. एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईला विमानही सुरू झालं.

आणि आपलं चांदूर रेल्वे. इथं खोटं बोलायचं नाही. आपली जमेची बाजू सांगतो. मुंबई-हावडा मुख्य मार्ग आपल्या गावातून जातो, तो अमरावती शहरातून जात नाही, त्यांना बडनेऱ्याला यावं लागतं. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. अमरावती तीसेक किलोमीटर. आता वजाबाकी. रूळ आहेत पण जलद गाड्यांचा थांबा हा जुना रडगाण्याचा विषय. बाहेरच्याला चांदूर म्हटलं की तो चांदूर बाजारला जाऊन उतरतो. आणि मुख्य म्हणजे ताईंचं थेट नातं या गावाशी नाही. आजही आपला जिल्हा अमरावती, पण लोकसभेला मत आपण वर्ध्याला देतो! ॲबिलीनकडे घर होतं. आपल्याकडे तसं घर नाही.

म्हणून माझं मत: पूर्ण संग्रहालय चांदूर रेल्वेत मागू नये. मागितलं तर ते फार तर राजकीय भाषणात मिळेल.

पण विषय इथं संपत नाही. फोर्ड नावाच्या राष्ट्राध्यक्षांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी दोन भाग केले. कागदपत्रं ॲन आर्बरला, जिथं ते शिकले त्या मिशिगन विद्यापीठात. वस्तू ग्रँड रॅपिड्सला, जिथून ते निवडून यायचे. दोन्ही गावं वेगळी, दोन्ही १९८१ मध्ये उघडली. विद्यार्थ्यांना कागद मिळाले, मतदारांना वस्तू मिळाल्या.

आणि ओबामांच्या वेळी तर आणखी एक पाऊल पुढे. त्यांच्या काळातल्या नोंदींपैकी सुमारे ९५ टक्के जन्मतःच डिजिटल. ईमेल, फोटो, फायली. म्हणून अभिलेखागाराने शिकागोत कागदांचं ग्रंथालय चालवायचंच नाही असं ठरलं. ओबामा केंद्र फाउंडेशन चालवणार, नोंदी अभिलेखागार सांभाळणार आणि ऑनलाइन देणार. म्हणजे इमारतीची जागा वेगळी आणि कागदाची जागा वेगळी. कागदाची जागा आता तुमच्या हातातला फोनही असू शकते.

आपल्याकडेही राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ नावाचं पोर्टल आहे. लाखो जुने कागद तिथं स्कॅन करून ठेवलेत. आज रात्री रील बघून झाल्यावर पाच मिनिटं उघडून बघा. ‘बेरार’ असं शोधा. आपल्या पणज्यांच्या काळातला वऱ्हाड तिथं फायलींत बसलेला आहे.

[२२:१०] मग चांदूर रेल्वेने काय मागावं?

माझा प्रस्ताव साधा आहे. मूळ सरकारी कागद दिल्लीत राहू द्या, तिथं ते नीट सांभाळले जातील. वस्तूंचा काही भाग फिरत्या प्रदर्शनासाठी जळगाव आणि अमरावतीला यावा, लेखी करारावर, ठरावीक मुदतीसाठी, यादी सगळ्यांना ऑनलाइन दिसेल अशी. घरची पत्रं, फोटो कुटुंबाला द्यायचे असतील तर ते विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावेत, जिथं कुणीही ओळखपत्र दाखवून बसू शकेल.

आणि चांदूर रेल्वेसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावाने एक खोली मागावी. असलेल्या सार्वजनिक वाचनालयात. नवी इमारत नको, कोनशिला नको. चार संगणक, चांगलं इंटरनेट, इन्व्हर्टर, स्वच्छ शौचालय, रात्री दहापर्यंत उघडं दार, आणि मुलींना निर्धास्त बसता येईल अशी व्यवस्था. दिल्लीतल्या, मुंबईतल्या सगळ्या डिजिटल नोंदी तिथून बघता याव्यात, आणि शोधायला मदत करणारा एक पगारी माणूस असावा.

तुम्ही म्हणाल, फोनवर दिसतंच की सगळं, मग खोली कशाला? कारण साठ पानांची फाइल सहा इंचांच्या पडद्यावर वाचून होत नाही. कारण घरात पाच माणसं आणि एक खोली असते. कारण एमपीएससीच्या पुस्तकात ‘पहिल्या महिला राष्ट्रपती कोण’ एवढा एका मार्काचा प्रश्न असतो, पण राष्ट्रपती फाशीच्या दयेच्या अर्जावर निर्णय कसा घेतात, विधेयक परत कसं पाठवतात, हे कागद वाचूनच कळतं. ज्या मुलीला हे कळेल तिला पाठांतराची गरज पडणार नाही.

हे मागणं छोटं वाटतं. पण हिशेब करा. मोठं संग्रहालय एका गावाला मिळतं आणि बाकी गावं बघत राहतात. खोल्या मात्र पन्नास गावांना मिळू शकतात.

[२४:४०] जाता जाता

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी नेता माइकवर म्हणाला की अमक्यांचं भव्य स्मारक आपल्या गावात होणार, तर टाळ्या वाजवा, आपलं गाव आहे शेवटी. पण टाळ्या वाजवून झाल्या की चार प्रश्न विचारा. आतलं सामान कुणाचं? जमीन आज कोण वापरतंय? विसाव्या वर्षी बिल कोण भरणार? आणि माझ्या बहिणीला मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आत बसून वाचता येईल का?

चौथ्या प्रश्नाला नेता अडखळला, तर समजा की जागा अजून ठरायची आहे.

या आठवड्यात एक काम करा. आपल्या गावच्या वाचनालयात जा. उघडं आहे का बघा, किती वाजेपर्यंत असतं ते बघा, आणि मला आवाजी संदेश पाठवा. चांदूर रेल्वे, धामणगाव, नांदगाव खंडेश्वर, तिवसा, अकोला, मूर्तिजापूर, कुठलंही चालेल. गावाचं नाव आणि दार बंद व्हायची वेळ, एवढंच सांगा. पुढच्या भागात आपण ती यादी वाचू.

ऐकत राहा, वाचत राहा. भेटू.